उपकारस्तुती घरात रुजावी कशी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

रोजच्या जगण्यातली प्रार्थना, उपकारस्तुती आणि भक्ती या विषयावर प्रश्न पाठवा, असं आवाहन आम्ही मागच्या अंकात केलं होतं. पत्रं बहुतेक नागपूर शहरातून आणि कामठी, हिंगणा, बुटीबोरी भागातून आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

सप्रेम जय ख्रिस्त. मी परिचारिका आहे, पाळी दर आठवड्याला बदलते. मिस्टर बुटीबोरीला कारखान्यात आणि मुलगा मिहानमध्ये रात्रपाळीला असतो. घरी सासूबाई असतात. पूर्वी रोज रात्री आठला कौटुंबिक उपासना व्हायची. आता महिन्यातून दोनदाही होत नाही आणि सासूबाईंना त्याचं फार वाईट वाटतं. काय करावं?
— एक भगिनी, मेकोसाबाग

रात्री आठची वेळ परत आणायचा हट्ट सोडा, उपासना सोडू नका. चौघांची उपासना आठवड्यातून एकदाच ठेवा, पण ती पक्की असू द्या. ड्यूटीचा तक्ता हातात पडला की त्याच दिवशी चौघे मोकळे असतील असा अर्धा तास शोधा आणि कॅलेंडरवर लिहून टाका. कधी तो मंगळवारी दुपारी तीनला निघेल, तरी चालेल. वेळ आठवड्यागणिक बदलली म्हणून काही बिघडत नाही. "बघू, जमलं तर" म्हटलं की मात्र उपासना बुडते.

पंधरा मिनिटं पुरतात. एक भजन, एक स्तोत्र किंवा शुभवर्तमानातला दहा-बारा वचनांचा उतारा, प्रत्येकाचं एक वाक्य आभाराचं आणि एक विनंतीचं, शेवटी प्रभूची प्रार्थना. घरोघरी गाडं अडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे वडीलधारं माणूस एकटंच दहा मिनिटं प्रार्थना करतं आणि तरुण पोरं मनातून उठून जातात. म्हणून एका माणसाने एकाच विषयावर प्रार्थना करायची, हे आधीच ठरवा. सासूबाईंना वचन वाचायला द्या, त्यांचा मान राहील आणि वेळही राहील. दुसरी अडचण आवाजाची. उन्हाळ्यात कूलर चालू असला की पलीकडच्या खुर्चीवरच्या आजीला एक शब्द कळत नाही आणि वाचणारा ओरडून वाचतो. पंधरा मिनिटं कूलर बंद ठेवा, पंखा पुरे.

भजनाची गोष्ट वेगळी सांगतो. पेटी नसली की कुणीतरी उत्साहात उंच स्वर धरतं आणि अंतऱ्याला सगळ्यांचे गळे बसतात. सुरू करण्याआधी अंतऱ्याची सर्वात उंच ओळ हळू गुणगुणून बघा. ती सासूबाईंना आणि मुलाला दोघांनाही झेपली तर तोच सूर धरा. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि भजनाचा बाज मराठी उपासनेत आणला, तो घरच्या माणसांना गाता येतो म्हणूनच उपयोगी आहे. त्याला वाद्यवृंद लागत नाही.

उरलेल्या सहा दिवसांची भक्ती ज्याची त्याने करायची. लोयोलाच्या संत इग्नाशियसने (१४९१–१५५६) दिवसाच्या झडतीच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी देवाचे आभार, मग आपलं मन दिसावं म्हणून त्याच्याकडे प्रकाश मागायचा, मग दिवस तासातासाने आठवायचा, चुकलं त्याची क्षमा मागायची आणि उद्याचा एक निश्चय करायचा. आभार पहिले आहेत, हे विसरू नका. चुकांपासून सुरुवात केली की थकलेलं माणूस स्वतःलाच झोडपत बसतं आणि दोन दिवसांत सोडून देतं. रात्रपाळीवाल्याचा दिवस सकाळी आठला संपतो, त्याची झडती तेव्हाच. पण अंथरुणावर पडून करू नये, दुसऱ्या पायरीलाच झोप लागते. खुर्चीवर बसून दहा मिनिटं काढावीत. तुमचा मुलगा मेट्रोने येत असेल तर खापरी ते सीताबर्डीचा प्रवास त्याला यासाठी पुरून उरेल.

वाचनाचं गणित सोपं आहे. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्यातून पाच दिवस एकेक अध्याय वाचला तर ५२ आठवड्यांत तो बरोबर पूर्ण होतो आणि दोन दिवस चुकलेलं भरून काढायला मिळतात. रोज वाचायचंच असं ठरवलेली माणसं पहिल्या खाड्याला हिरमुसतात, म्हणून ही दोन दिवसांची सूट महत्त्वाची.

आपल्या सदरमधलं कॅथेड्रल ज्यांच्या नावाने आहे त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ मध्येच प्रापंचिक माणसांसाठी लिहून ठेवलं आहे की बिशपची भक्ती वेगळी, कारागिराची वेगळी, विधवेची वेगळी, लग्न झालेल्या बाईची वेगळी. कारागीर दिवसभर देवळात बसू लागला तर ती भक्ती बेढब होईल, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या सासूबाईंना हे जरूर वाचून दाखवा.

मी रोज रात्री वहीत तीन आभार लिहितो. पहिला महिना छान गेला. आता "आरोग्य, कुटुंब, नोकरी" हेच रोज लिहितो आणि मन लागत नाही.
— एक वाचक, अजनी

ठोकळ आभार लिहिले की असंच होतं. "आरोग्याबद्दल धन्यवाद" यात आजचं काहीच नाही. "दुपारी गुडघा न दुखता चौथ्या मजल्यापर्यंत चढलो" यात आहे. परिचारिकेने लिहावं, "सात नंबरच्या आजींची शीर पहिल्या टोचणीत सापडली." ज्या वाक्यात वेळ, जागा किंवा माणूस नाही ते वाक्य खोडून पुन्हा लिहा, एवढा एक नियम पाळला तरी वही जिवंत होते.

विषय सुचत नसतील तर स्तोत्र १३६ उघडा. २६ वचनं आहेत आणि प्रत्येक वचन देवाच्या सनातन दयेवर येऊन टेकतं. त्याची रचना बघा. आधी सृष्टी, म्हणजे आकाश, पृथ्वी, सूर्य, चंद्र. मग लोकांचा इतिहास, मिसरातून (इजिप्तमधून) सुटका, रानातला प्रवास. शेवटी आमच्या दैन्यावस्थेत त्याने आमची आठवण केली आणि तो सर्व प्राण्यांना अन्न देतो. तुमच्या तीन ओळी याच क्रमाने लिहा. एक ओळ सृष्टीची (आज संध्याकाळी वळीव आला), एक तुमच्या मागच्या आयुष्यातली (दहावीची फी भरणाऱ्या मामांची), एक आजच्या ताटातली. मागच्या आयुष्यातली ओळ हा मोठा साठा आहे. तो सहसा कुणी उघडतच नाही.

दोन धोके आहेत. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परूशी (नियम काटेकोर पाळणारा धर्मपंथी) मंदिरात आभारच मानत होता, "मी इतर माणसांसारखा नाही" म्हणून. आपणही लिहितो, "शेजाऱ्यांसारखी वेळ आपल्यावर आली नाही." दुसऱ्याच्या दुःखाकडे बघून मिळालेलं समाधान वहीत येऊ देऊ नका. आणि दुसरा धोका, वही बंद केली की विषय संपतो. लूकच्याच सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच परत आला, तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने परका. म्हणून शुक्रवारी आठवड्याच्या ओळी चाळा, त्यात आलेल्या एका माणसाला फोन करा आणि नेमकं कशाबद्दल आभार ते सांगा. मेसेजपेक्षा फोन बरा.

वडिलांना कर्करोग आहे, केमोथेरपी चालू आहे. भेटायला येणारी मंडळी म्हणतात, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, वचनच आहे." मला तोंडातून शब्द काढता येत नाही. माझा विश्वास कमी पडतो आहे का?
— एक भगिनी, जरीपटका

नाही. पौलाने थेस्सलनीकाकरांना ते लिहिलं हे खरं, पण त्याच पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा प्रभूची विनवणी केली होती. आजाराबद्दल देवाचे आभार माना, असं पवित्र शास्त्र तुम्हाला सांगत नाही. योहानाच्या अकराव्या अध्यायात लाजाराच्या कबरेपाशी येशू रडला आणि थोड्याच वेळाने त्याच जागी उभा राहून त्याने पित्याचे आभारही मानले. रडण्याबद्दल त्याने कुणाची माफी मागितली नाही.

तुमच्यासाठी स्तोत्र १३. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत सरळ तक्रार आहे, "हे परमेश्वरा, कोठवर?" पुढच्या दोनांत मागणं आणि शेवटच्या दोनांत भरवसा. आज पहिली दोनच म्हणवत असतील तर तेवढीच म्हणा. स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच आहे आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. केमोच्या दिवशी लांब प्रार्थना जमत नाही. सलाईन सुरू झाल्यावर एक ओळ धरा, वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात दोन-तीनदा म्हणा. मळमळ चालू असताना गाणं नको, वाचनही नको, हात धरून बसणं पुरे.

भेटायला जाणाऱ्यांना थोडं स्पष्ट सांगतो. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागले आणि चुकले. म्हणून दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. केमोनंतर रोगप्रतिकारशक्ती खाली येते, सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका, फोनवर प्रार्थना करा. हात धुऊन आत जा. एक छोटं स्तोत्र वाचा, शिकवण देऊ नका, आणि कुणाला कोणत्या काढ्याने गुण आला हे सांगू नका. "काही लागलं तर सांगा" असं म्हटल्यावर कुणीही सांगत नाही. "गुरुवारी रात्री मी रुग्णालयात थांबतो, तुम्ही झोपा" असं म्हणा. डबा द्यायचा असेल तर कमी तिखट, कमी तेल, आणि आधी विचारून.

आमच्या मंडळीत यंदा हंगामाच्या उपकारस्तुतीची जबाबदारी तरुण संघाकडे आहे. निम्म्या लोकांकडे शेती नाही. काय आणायला सांगावं, व्यवस्था कशी करावी?
— तरुण संघाचे कार्यकर्ते, कामठी

आधी एक गोष्ट ठरवा, की आलेलं सगळं शेवटी कुणाकडे जाणार. हे उपासनेनंतर ठरवायला बसलात की निम्मा भाजीपाला तिथेच कोमेजतो. पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात पहिल्या उपजाची टोपली आणणाऱ्याने लेवी (मंदिराची सेवा करणारा वंश) आणि परदेशी यांच्यासह आनंद करावा, असं सांगितलं आहे. 'लेवीय' या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात आभाराच्या यज्ञाचं मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत काही उरू द्यायचं नाही, अशी आज्ञा आहे. एकट्या कुटुंबाला ते संपणं कठीण, म्हणजे पंगत बसवावीच लागते. तोच नियम तुम्ही धरा, नाशवंत वस्तू त्याच दिवशी वाटून संपल्या पाहिजेत. वृद्धाश्रम, वसतिगृह किंवा वस्तीतली गरजू घरं, जे असेल तिथे आठवडाभर आधी बोलून ठेवा आणि त्यांना किती लागतं ते विचारा.

आता वस्तू. पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर) शनिवारी आणू देऊ नका, ऑक्टोबरच्या उकाड्यात एका रात्रीत माना टाकतात. रविवारी सकाळी, ओल्या फडक्यात गुंडाळून. संत्री आणणारे खूप असतील, कारण आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच येतात. देठाचा बुंधा ठेवून कापलेली घ्या. ओढून तोडलेल्याची साल देठाशी फाटते आणि तिथूनच बुरशी धरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, टोपलीत पसरून ठेवा आणि नरम पडलेलं एकेक वेचून बाजूला काढा. तांदूळ, तूर डाळ, ज्वारी एक किंवा पाच किलोच्या पिशव्यांत, वर वजन लिहून, म्हणजे वाटताना मोजमाप करत बसावं लागत नाही. शिजवलेलं अन्न वेदीजवळ ठेवायचं नाही, त्याचं टेबल वेगळं.

ज्यांच्याकडे शेती नाही त्यांनी बाजारातून केळ्यांची फणी विकत आणण्यापेक्षा आपल्या कामाचा पहिला वाटा आणावा. शिंप्याने शिवलेले उशांचे अभ्रे, रिक्षावाल्याने एका दिवसाची मिळकत, शिक्षिकेने दोन मुलांना वर्षभर फुकट शिकवण्याची चिठ्ठी, नोकरदाराने पगारवाढीच्या पहिल्या महिन्याचा फरक. अर्पण ठेवताना प्रत्येकाने दोनच वाक्यं बोलावीत, काय आणलं आणि कुठल्या अडचणीतून देवाने इथवर आणलं. अनुवादात टोपली ठेवणाऱ्याला आपल्या पूर्वजांचं भटकेपण आणि मिसरातली गुलामी मोठ्याने सांगायला लावलं आहे, ते याचसाठी.

लिलाव ठेवणार असाल तर जपून. एकाच संत्र्याची बोली दोघांच्या ईर्ष्येपायी हजारांत जाते आणि एखाद्या म्हाताऱ्या बाईचं कोहळं वीस रुपयांत जातं, हे सगळ्यांसमोर घडतं. त्यापेक्षा वस्तूंवर नाव घालू नका, मिसळून टोपल्या करा आणि टोपल्यांचा लिलाव करा. पैसे दोघांनी मोजावेत, दोघांच्या सह्या, आणि रक्कम पुढच्या रविवारी मंडळीला वाचून दाखवावी.

लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) उपवास करायचा आहे. वय ५४, मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. घरचे नको म्हणतात.
— एक वाचक, मोहननगर

घरच्यांचं ऐका, निदान डॉक्टरांना विचारेपर्यंत. कॅथोलिक नियमात राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच सक्तीचे उपवास आहेत, १८ ते ५९ वयासाठी, आणि त्यातही एक पूर्ण जेवण व दोन हलकी खाणी चालतात. आजारी माणसाला सूट आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणं विस्कटतं. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. तिथे उपवास संपला, देवाकडून त्याला काही आडकाठी नाही. गोळीचा डोस मनाने कमी करू नका.

जेवण न सोडता त्याग करता येतो. चाळीस दिवस सावजी मटण बंद, हा नागपूरच्या माणसासाठी लहान त्याग नाही! महिन्याला मटणावर जे खर्च व्हायचे ते पैसे डब्यात टाका आणि ईस्टरला कुणाच्या घरी धान्य भरा. यशयाच्या ५८व्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास म्हणून भुकेल्याला आपली भाकर वाटणं हेच सांगितलं आहे. गुड फ्रायडेची दुपारी बारा ते तीनची उपासना कडक उन्हाच्या दिवसांत येते. निघताना पाणी पिऊन निघा, सोबत बाटली आणि काहीतरी गोड ठेवा.

दशमांश हातात येणाऱ्या पगारावर काढायचा की पूर्ण पगारावर? कर्ज असेल तर?
— एक वाचक, वाडी

नव्या करारात टक्का ठरवून दिलेला नाही. पौल म्हणतो, ज्याच्याजवळ जे आहे त्या मानाने, आणि कुरकुर न करता. आमचं मत, हातात येणाऱ्या रकमेवर काढा. ३२,००० हातात येत असतील तर ३,२०० रुपये. क्रेडिट कार्डाचं थकीत व्याज चढत असेल तर आधी ते संपवा, तोवर तीन टक्के, म्हणजे ९६० रुपये द्या, पण शून्यावर येऊ नका. करिंथकरांना पौलाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवा असं सांगितलं, आपण पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकावं. रविवारी सकाळी पाकीट चाचपून जे निघेल ते द्यायची सवय लागली की वर्षाअखेर रक्कम फारच थोडी भरते. फोनवरून अर्पण करत असाल तर एक उणीव राहते, मुलांना आईवडील देताना दिसत नाहीत. त्यांच्या हाती त्यांच्या खाऊच्या पैशातलं नाणं असू द्या.

मी सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), पत्नी कॅथोलिक. प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी मुलं दर वेळी अडखळतात. जपमाळ सुरू झाली की मी बाहेर जाऊन बसतो. घरात एकच भक्ती कशी व्हावी?
— एक वाचक, सदर

मुलं अडखळतात कारण तुम्ही "राज्य, पराक्रम व गौरव" जोडता आणि पत्नी त्याआधीच थांबते. मुलांना दोन्ही सांगा आणि घरासाठी एक ठरवा. आम्ही म्हणू, ज्याच्यावर त्या दिवशी प्रार्थना चालवायची पाळी त्याच्या पद्धतीने.

जपमाळेच्या वेळी बाहेर जाऊ नका. सोमवारी आणि शनिवारी येणारी पाचही आनंदाची रहस्यं (जपमाळेतले मननाचे प्रसंग) लूकच्या पहिल्या दोन अध्यायांतली आहेत. प्रत्येक दशकाआधी (दहा मण्यांच्या गटाआधी) तो उतारा तुम्ही वाचा, मग त्यांनी "नमो मरिया" म्हणावं. तुम्हाला म्हणावंसं वाटलं नाही तर मनात त्याच उताऱ्यावर राहा. वीस-पंचवीस मिनिटांत होतं. आणि त्याच पहिल्या अध्यायात ४६ ते ५५ वचनांत मरियेचं स्तुतिगीत आहे, ते दोन्ही मंडळ्यांच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत पूर्वापार आहे. मुलांना पाठ करायला ते द्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली ती याच नागपुरात. इतक्या वेगवेगळ्या रीतींची माणसं एका वेदीशी आली, तर एका घरातल्या दोघांना अवघड जाऊ नये.

घरच्या वेदीवरच्या मेणबत्त्या मे महिन्यात वाकतात.
— एक भगिनी, गोधनी

वेदी पश्चिमेच्या, उन्हाने तापणाऱ्या भिंतीला असेल तर तिथून हलवा. मेण वितळायच्या बरंच आधी नरम पडतं आणि उंच, बारीक मेणबत्ती स्वतःच्या वजनाने झुकते. उन्हाळ्यात बुटकी, जाड मेणबत्ती काचेच्या पेल्यात ठेवा आणि कूलरच्या झोतात कधीच लावू नका, ज्योत पडद्याकडे झुकते.

ऑफिसात सगळे मिळून डबा खातो. डोळे मिटून प्रार्थना करायला संकोच वाटतो, आणि मी प्रार्थना संपवेपर्यंत इतर थांबून राहतात.
— एक वाचक, हिंगणा

डबा उघडण्याआधी, हात धुताना नळापाशीच करा. एक वाक्य पुरतं: देवाचे आभार, स्वयंपाक करणाऱ्याचं नाव, आणि ज्याला आज जेवण नाही त्याची आठवण. कुणी सणाचा पदार्थ पुढे केला आणि तो खावा की नाही असा प्रश्न मनात आला, तर करिंथकरांस पहिल्या पत्राचा दहावा अध्याय, २५ ते ३१ वचनं वाचा आणि आपल्या पाळकसाहेबांशी बोला, कारण तिथे दुसऱ्याच्या विवेकाचाही विचार सांगितला आहे. अनुवादाच्या आठव्या अध्यायात खाऊन तृप्त झाल्यावर देवाचा धन्यवाद करायला सांगितलं आहे. म्हणजे जेवणाआधी घाईत राहिलंच, तर डबा घासताना करा.